एक काटा, दोन वजनं

मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे आमची येळवस, कधी डिसेंबरच्या मध्यावर येते तर कधी जानेवारीत सरकते. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली. त्यामुळे आंबील अंगात जिरायच्या आतच नव्या वर्षाचे संकल्प करायची वेळ झाली, आणि भरल्या पोटी केलेले संकल्प नेहमीच जास्त कडक असतात. धाराशिव-लातूर आणि त्याला लागून असलेला सोलापूर-कर्नाटकाचा पट्टा सोडला तर हा सण फारसा कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी आमच्याकडच्या बाजारपेठेत भर दुपारी रस्त्याच्या मधोमध बाज टाकून झोपलं तरी उठवायला कुणी येणार नाही. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात हे त्यांचं शहाणपण. कचेरी उघडी ठेवली असती तरी अर्ज घेऊन आलं कोण असतं? सगळे शेतात. कडब्याची कोप, कोपीत पाच पांडव, मडक्यात ज्वारीची आंबील, हाताला लागेल त्या पाल्याची नि डाळीची भज्जी, बाजरीचे उंडे. ओळखीचा असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही.

ते जेवण झाल्यावर, माणसं चिंचेखाली आडवी होत असताना, आमच्या चिरंजिवांनी लॅपटॉप उघडला. त्यांना त्यांच्या कुत्र्याचं पुढच्या वर्षाचं आरोग्य ठरवायचं होतं.

कुत्रा मूळचा पुण्याचा. चिरंजीव वाकडला राहायचे तेव्हा त्यांनी हा लॅब्राडोर घेतला, ऑस्कर असं नाव ठेवलं, आणि कंपनीनं बेंगळुरूला धाडल्यावर दोन महिन्यांसाठी म्हणून तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आणून सोडला. दोन महिन्यांसाठी म्हणून आमच्या तालुक्यात आलेली कुठलीच गोष्ट परत जात नाही. त्यात सरकारी खात्यांचे तात्पुरते कार्यभारही धरा. ऑस्कर हे नाव आईच्या जिभेवर काही बसेना. तिनं चार दिवस ‘आस्कर’ म्हणून पाहिलं आणि मग सरळ त्याचा भास्कर करून टाकला. अडचण एवढीच की पलीकडच्या वस्तीवर भास्करराव राहतात, आणि ‘भास्कर, ताटात तोंड घालू नगंस’ ही आईची हाक बांध ओलांडून जाते. भास्करराव सज्जन गृहस्थ. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. आपल्या नव्या खोंडाला तेवढं माझं नाव ठेवलं.

तर भास्करचा तक्ता. दर वर्षी लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, उन्हाळ्याच्या आधी गोचिडांचा बंदोबस्त, वर्षातून एकदा रक्त तपासणी, दर महिन्याला वजन, रोज दात घासणे. दात घासण्याच्या रकान्याशी दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, थबकले. घरातल्या माणसांपैकी किती जण रोज घासतात याची त्यांनी मनातल्या मनात मोजदाद केली असावी, कारण त्यांची नजर माझ्यावर जरा जास्त वेळ रेंगाळली. पुढचा रकाना ‘मानसिक चालना’ असा होता. ते काय असतं, असं आईनं विचारलं. कुत्र्याला कंटाळा येऊ नये म्हणून त्याला रोज काहीतरी नवीन करायला द्यायचं, असं नातवानं सांगितलं. आई म्हणाली, “शेळ्यांच्यात बांध की. मला करमतंय, त्येला न करमायला काय झालं?”

एका रकान्याला मात्र आईनं बिनशर्त मान डोलावली, तो रेबीजच्या लशीचा. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे तिच्या पिढीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली, आता दंडात मोजकी इंजेक्शनं घेऊन भागतं. पण तिच्या गावातला चौदावं इंजेक्शन घेऊन विव्हळत येणारा माणूस तिच्या नजरेसमोरून काही हलत नाही. “ती सुई आदी टोच,” ती म्हणाली. “दात बित मागनं बगू.”

वर्ज्य पदार्थांच्या यादीत कांदा होता, चॉकलेट होतं आणि द्राक्षं-बेदाणे होते. आमच्या भागात द्राक्षाच्या बागा भरपूर, त्यामुळे हे ऐकून सगळेच जरा सावरून बसले. द्राक्षानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि त्याला द्राक्षातलं टार्टारिक आम्ल कारण असावं, असा अलीकडचा कयास आहे. तेच आम्ल चिंचेतही असतं, असं चिरंजीव म्हणाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. भास्कर ज्या झाडाखाली घोरत होता ते झाड शेंगांनी लगडलेलं होतं.

पण यादीतलं खरं कलम वेगळंच होतं, वजनाचं. लॅब्राडोर नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. भास्करचं किती? वस्तीवर माणसाचा काटा नाही, पण बोकड तोलायचा ताणकाटा आहे. तो चिंचेच्या फांदीला अडकवला, खाली पोत्याची झोळी बांधली आणि भास्करला तिच्यात बसवायला चौघं लागले. पोत्याला आधीच्या बोकडांचा वास होता. त्या वासानं तो इतका हरखला की झोळीतल्या झोळीत गिरक्या घ्यायला लागला आणि काट्याची सुई तीसपासून पन्नासपर्यंत फिरून आली. शेवटी आईनं त्याच्या नाकापुढे उंडा धरला. उंड्याकडे बघत तो दगड होऊन बसला, तेव्हा सुई ४१ वर थांबली.

चिरंजिवांनी मग आम्हाला बरगड्यांची परीक्षा शिकवली. आपल्या पालथ्या हातावर बोटं फिरवली की हाडं जशी हाताला लागतात, तशा निरोगी कुत्र्याच्या बरगड्या लागल्या पाहिजेत. दादांनी भास्करच्या कुशीवर बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाले, “असत्याल बाबा. आत कुठंतरी असत्याल.”

याला कारण खवा. वहिनींचं माहेर भूम तालुक्यातलं. त्या बाजूला खव्याच्या भट्ट्या आणि कुंथलगिरीचा खवा म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला माल. वहिनींकडे माहेरून येणारं कुणी पेढ्याशिवाय येत नाही आणि आईला मधुमेह असल्यानं तिच्या वाटचा पेढा भास्करच्या पोटात जातो. चिरंजिवांनी आजीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये शोधून काढलं की जवळपास चौथ्या हिश्शाच्या लॅब्राडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे खाल्लं तरी पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणून त्यानं कितीही केविलवाणं तोंड केलं तरी द्यायचं नाही. आजीनं सगळं शांतपणे ऐकलं. विज्ञान समजलं की नाही असं विचारायची गरज पडली नाही, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हंजी जल्माचं उपाशी हाय की रं ते लेकरू!” ती म्हणाली आणि तिनं उरलेला उंडा त्याला घातला.

चिरंजिवांनी दुसरं अस्त्र काढलं. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लं घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं आणि ते जन्मभर तसंच चालू ठेवलं. कमी खाणारे कुत्रे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, त्यांच्या सांध्यांची दुखणीही उशिरा सुरू झाली. यावर दादांनी फार मार्मिक शंका काढली. “त्या जादाच्या दोन वर्सात तरी पोटभर घातलं का?” नाही, तेव्हाही पाव हिस्सा कमीच. “मग कशाला वाढवली?” दादा म्हणाले.

असं असूनही तक्ता दादांना मनापासून आवडला होता. ते म्हणाले, शेळ्यांचाही करून दे. म्हणून शेजारी दुसरा रकाना उघडला गेला.

आमच्या गोठ्यातल्या शेळ्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीनं मात्र अजून अर्ज दिलेला नाही. कातळासारखा काळाभोर रंग, खाली लोंबणारे लांब कान, कोरडं हवामान सोसणारी चिवट जात. पाच महिन्यांत विते, बहुतेक वेळा जुळी देते आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं पदरात टाकते. संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या आपल्या राज्याच्या इतर जाती. पण मटणाची गोष्ट निघाली की नाव आमच्या शेळीचंच निघतं. हे वाक्य मी गोठ्याकडे पाठ करून लिहितो आहे.

शेळ्यांचा रकाना चटकन भरला. पीपीआर, आंत्रविषार, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, जंताचं औषध, वाढलेली खुरं छाटणं, चाटायला क्षाराची वीट. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. म्हणजे आधार क्रमांक तिला आमच्याइतकाच लांब मिळालाय आणि तिचा फोटोची चूक दुरुस्त करायला सेतू केंद्रात जायचा फेरा वाचलाय. शेवटी वजन. भास्करच्या रकान्यात ‘४१ वरून ३४’ असं होतं. तीन महिन्यांच्या बोकडांच्या रकान्यात ‘१२ वरून ३०’. एकाच पानावर, एकाच खालमानेनं बसलेल्या कुटुंबानं, एकाला उतरवायचं आणि दुसऱ्याला चढवायचं ठरवलं. दोन्हीच्या वर शीर्षक एकच होतं, ‘आरोग्य’.

दादांना या तक्त्याची नवलाई होती ती कागदाची, त्यातल्या कामांची नव्हे. त्यांचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही, ते मृगाला सुरू होतं. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत माळावर कोवळी हिरवळ येते. उन्हाळाभर वाळकं चघळलेली शेळी तिच्यावर तुटून पडते आणि पोटातले जंतू एकाएकी वाढून विष तयार करतात. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी गेलेलं असतं. हा आंत्रविषार. म्हणून त्याची लस मृगाच्या आधी. कापलेल्या ज्वारीच्या खोडाला फुटवे आले की जनावर त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही, कारण कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं. किराळ लागणं म्हणतात ते हेच. बाभळीच्या शेंगा पडायला लागल्या की मात्र खुशाल सोडायच्या. यातलं काहीही दादांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही, आणि विचारलं तर सांगताही येणार नाही. ते नुसते उठतात आणि शेळ्या दुसऱ्या बांधाला नेतात.

त्यांची तपासणीही तशीच. सकाळी दावं सोडताना ते प्रत्येक शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढतात. आतला भाग लालबुंद असला तर पाठीवर थाप, फिका गुलाबी असला तर ‘हं’, पांढरा दिसला तर ती शेळी बाजूला. पोटात रक्त पिणारे जंत झाले की पापणी पांढरी पडते. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्यानं याच तपासणीचा पाच रंगछटांचा तक्ता काढला, आता तो जगभर वापरतात. उगाच सगळ्या कळपाला औषध पाजून जंतांना निर्ढावू नये, ज्याची पापणी फिकी त्यालाच पाजावं, हा त्यामागचा विचार. चिरंजिवांनी तो तक्ता फोनवर काढून दाखवला. दादांनी पाचही रंग नीट बघितले आणि म्हणाले, “चौथा आन् पाचवा येगळा कशाला? चौथ्यालाच डॉक्टर बोलवायचा.”

वर्षाचे संकल्प करायचे तर ते केवढे करावेत, याचाही एक नमुना याच रकान्यात आहे. गाईगुरांना होणारी बुळकांडी एके काळी गावंच्या गावं रिकामी करायची. २०११ मध्ये ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं; देवीनंतर माणसानं मुळासकट संपवलेला तो दुसरा रोग. तिचीच शेळ्यामेंढ्यांतली चुलत बहीण म्हणजे पीपीआर. १९४२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये तिची पहिली नोंद झाली, १९८७ मध्ये ती तामिळनाडूत दिसली. २०३० पर्यंत तिलाही संपवायचं असं जगानं ठरवलंय. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात सरकारी दवाखान्यातला माणूस येतो, बर्फाच्या डब्यातून कुपी काढतो, काळ्या मानेची कातडी चिमटीत धरून सुई टोचतो, तेव्हा त्या शेळीला माहीत नसतं की तिच्यावाचून हा जागतिक संकल्प अडलाय. तिला वाटतं, हा माणूस वाईट आहे. २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हा तर गाई-बैलांना जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची होती. बैलांच्या पोळ्याला पुरणपोळी बैल खातात, शेळ्यांना कुणी शिंगं रंगवत नाही. त्या वर्षी निदान एखादा टिळा तरी त्यांना लागायला हवा होता, असं माझं मत आहे. ते मी दादांना बोलून दाखवलं. “लाव की,” ते म्हणाले, “तुला कुणी आडीवलंय?”

तक्त्यात न मावणारी वर्षंही असतात. २०१५-१६ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात आणि बीड-लातूरकडे चारा छावण्या लागल्या. लोक गुरांबरोबर छावणीतच राहायला गेले होते. छावण्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी. शेळ्या मागे राहिल्या आणि बाभूळ, बोर, निवडुंगाच्या कडेचं जे काही उभं होतं ते ओरबाडून जगल्या. त्या वर्षी कुणी जनावराचं वजन केलं नाही. मृगापर्यंत पोचवायचं, एवढंच ध्येय होतं. मग ज्या जिल्ह्याची अवघी बुद्धी पाणी नसेल तर काय, यावर घासलेली, त्याला सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्यानं गाठलं. भूम-परंड्याकडे एका रात्रीत नद्या गावांत शिरल्या, छपरांवर चढलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली आणि गोठ्यात बांधलेली कितीतरी जनावरं दाव्यासकट गेली. सुटी असती तर पोहली असती. वहिनींच्या माहेरचे लोक वाचले. गोठ्याबद्दल त्या अजून बोलत नाहीत. आमच्या वस्तीवर पाणी बांधापर्यंत येऊन ओसरलं. दुसऱ्या दिवशी दादांनी गोठ्यातल्या सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. आता दाव्याचं एक टोक ओढलं की सगळी ओळ मोकळी होते. चिरंजिवांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते थोडं थांबले आणि त्यांनी तक्त्यात ते कलम घातलं, सगळ्यात वरती, दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर.

पण मी पुढं गेलो. मधलं वर्ष सांगायचं राहिलं.

जानेवारीपासून दोन्ही रकाने काटेकोर चालले. भास्करला मापाच्या वाटीनं मोजून खाणं, पेढा बंद, पहाटे उन्हाच्या आधी बांधाबांधानं फेरी. बोकडांना सकाळ-संध्याकाळ मका-ज्वारीचा भरडा आणि वर मूठभर पेंड. महिनाअखेरीला दोघांनाही झोळीत घालायचं. भास्कर आता झोळी दिसली की आपण होऊन चढून बसायचा. जानेवारीत तो ४१, फेब्रुवारीत ४२, मार्चमध्ये ४३. बोकड मात्र जिथल्या तिथं. आईवर संशय घेतला गेला. तिनं तुळजाभवानीची शपथ घेतली. चिरंजिवांनी बेंगळुरूहून थायरॉइडची शंका काढली आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. दादांना वाटलं, बोकडांना जंत झाले. पण पापण्या लाल.

उलगडा वहिनींनी केला. त्या भल्या पहाटे धारेला उठल्या तेव्हा गव्हाणीत एका रांगेत तीन काळी तोंडं आणि एक पिवळं तोंड भरडा खाताना दिसलं. पिवळं तोंड मधोमध होतं आणि दोन्ही बाजूंना धक्के देत होतं. जे एका रकान्यातून कमी होत होतं ते दुसऱ्या रकान्यात जमा होत होतं. ताळेबंद अगदी बरोबर जुळत होता. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, मला तो हिशेब बघून बरंच वाटलं. आईनं मात्र निष्कर्ष वेगळा काढला. म्हणाली, “त्येला मानसिक चालना लागली म्हणायची.”

गव्हाण उंच केली. मे महिन्यापर्यंत बोकड भरले आणि भास्कर उतरायला लागला. २०२५ ची बकरी ईद ७ जूनला, मृगाच्या तोंडावर होती. तिच्या आधी व्यापारी वस्तीवर आला. आमच्याकडे नेहमीचा, बापाच्या वेळेपासूनचा. तो काट्याला हात लावत नाही. बोकडाच्या कमरेवर पंजा ठेवतो, पाठीच्या मणक्यांवरून दोन बोटं चालवतो, ओठ वर करून दात बघतो. अदात की दोनदाती ते कळलं की वय कळलं. मग आकडा सांगतो. काटा नंतर लावायचा तो फक्त आमच्या समाधानासाठी. तेवढ्यात भास्कर त्याच्या पायाशी येऊन उताणा पडला. त्यानं सवयीनं पंजा टाकला, दोन बोटं फिरवली. “मावशी, ह्यो चाळीस भरंल,” तो म्हणाला. आम्ही भास्करला झोळीत घातलं. चाळीस.

“ह्यो बी द्यायचाय का?” त्यानं हसत विचारलं. आई हसली नाही.

घरात एक रिवाज आहे, कुणी बोलून न दाखवलेला. पाठींना नावं असतात: गंगी, चांदणी, कोकिळा. त्या राहायच्या असतात, विणार असतात. बोकडाला नाव ठेवत नाहीत. थोरला, धाकला, टिक्क्याचा, एवढ्यावर भागवतात. त्याच्या पापण्या तपासतात, त्याला लस टोचतात, भरडा मोजून घालतात, पाय मुरगळला तर वहिनी रात्री उठून हळद-तेल लावतात. मग ईद येते, नाहीतर कुणाचं जावळ, कुणाची कंदुरी. ज्याच्या तब्येतीवर घरानं सगळ्यात जास्त लक्ष दिलं, तोच तब्येत झाली म्हणून जातो. या गोष्टीची टोचणी लागते म्हणावं तर त्याच पैशातून नातवंडांच्या फिया गेल्यात, आणि लागत नाही म्हणावं तर वहिनी व्यापारी आला की नेमक्या मागच्या दारानं शेणी थापायला जातात. मला यावर काही तोडगा सुचत नाही. त्या संध्याकाळी जेवणात भाकरी आणि पिठलं होतं, एवढं नोंदवतो.

पुढच्या येळवसेला भास्कर पुन्हा झोळीत बसला. ३७. चिरंजिवांनी बेंगळुरूहून व्हिडिओवर टाळ्या वाजवल्या. बरगड्या हाताला लागतात, असं दादांनी जाहीर केलं. आईनं आपला पदर तोंडाला लावला. तिच्या हिशेबानं घरातलं एक लेकरू चार किलो वाळलं होतं आणि बाप टाळ्या वाजवत होता. तिनं मीठ-मोहऱ्या आणून भास्करवरून ओवाळून टाकल्या; मोहरी तडतडली, म्हणजे नजर होतीच. मग ती नातवाला म्हणाली, “ह्या वर्सी त्येला शेळ्यांच्या रकान्यात लिही. त्यात वजन वाढीवत्यात.”

“आजी, तसं नसतं गं.”

“लिही म्हणते ना.”

दादा तंबाखू मळत होते. ते म्हणाले, “लिव्हायला काय, लिव्हील त्यो. पर त्या रकान्याच्या शेवटाला काय लिव्हलंय ते वाच म्हणावं आदी.”

चिरंजिवांनी वाचलं. शेवटचं कलम होतं, ‘विक्री, ईदच्या आधी’.

आईनं क्षणभर लॅपटॉपकडे पाहिलं, मग भास्करकडे. “मग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “सदतीसच बरं हाय.” आणि कोपीकडे तोंड करून वहिनींना ओरडली, “आगं, भज्जी राहिलीय का? कांद्याची नगं, दुसरी.”